कुसुम पेंटरची सही

बेल्ह्याच्या पेठेत माझं फ्रेमांचं दुकान आहे. देवांच्या फ्रेमा दिवाळीच्या आगेमागे खपतात, लग्नाच्या उन्हाळ्यात, आणि गेलेल्या माणसांच्या बारा महिने. त्यामुळे आमच्या भागात कुठल्या घरात कुणाचं नाक कुणाकडून आलंय, हे मला त्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. यातल्या बऱ्याच चेहऱ्यांच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, पिवळ्या रंगात एक सही असते. कुसुम. शेवटच्या अक्षराचा दांडा खाली ओढून डावीकडे वळवलेला, बैलाने शेपटी झटकावी तसा. फ्रेमेच्या आत चित्राभोवती जाड कागदाची पट्टी बसवतात, तिला आम्ही माउंट म्हणतो. ते कापताना ही सही झाकली जाऊ नये म्हणून मी इतकी वर्षं जपत आलोय. एकदा अर्धी शेपटी झाकली गेली होती, तर बाईने भर बाजारात माझी शोभा केली.

बाई म्हणजे कुसुम पेंटर. माझ्या शेजारचा गाळा तिचा. वयाने माझ्यापेक्षा मोठी, मी तिला कुसुमताई म्हणतो, पण अहो-जाहो कधी जमलं नाही आणि तिला ते चाललंही नसतं. तिचे वडील बापू पेंटर. पेठेतल्या जुन्या पाट्या सगळ्या त्यांच्या हातच्या. त्यांना गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा लेक शिडीवर चढली, आणि मग चढलेलीच राहिली. साडीवर बापूंचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात चिंधी. शेतात कामाला जाणाऱ्या बाया नवऱ्याचा शर्ट घालतात, त्याकडे कुणी बघत नाही. हिने शिडीवर घातला, तर पहिली काही वर्षं लोक माना वर करकरून बघत. ती खाली न बघता म्हणायची, "बगून झालं असंल तर शिडी धरा जरा."

त्या काळातली एक गोष्ट पेठेत अजून सांगतात. बैलांचा एक व्यापारी आपल्या टेम्पोच्या मागच्या फळीवर स्वतःच्या शर्यतीच्या बैलाचं चित्र काढून घ्यायला आला. ताईने बैल समोर उभा करून घेतला. बैल एका जागी राहीना, व्यापारी कासरा धरून घामाघूम, आणि ताई शांतपणे त्याचं वशिंड रंगवतेय. चित्र झालं. व्यापारी म्हणाला, "शिंगं जरा मोठी करा की ताई. रुबाब येतो." ताई म्हणाली, "तुमी घरी जाऊन त्याची वाढवा, मग मी हितं वाढवते." तो चिडला, पैसे देणार नाही म्हणाला. ताईने चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि चित्र पुसायला हात वर नेला. तेव्हा तोच मधे आला. पुढे तो बैल म्हातारा होऊन गेला, टेम्पोही भंगारात गेला, पण ती फळी त्या माणसाने कापून घरात लावलीय. तिची फ्रेम मीच केली.

पण तिचं खरं काम माणसांचं. वर्षश्राद्धाला भिंतीवर मोठी तसबीर लागते. फोटो असतो तो रेशनकार्डावरचा, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या घोळक्यातला, दोन फेट्यांच्या मधे अर्धा. त्यावरून ताई ऑइलमध्ये अख्खं माणूस करायची. घरचे लोक समोर बसायचे आणि एकजात सगळे सांगायचे, लई हसतमुख व्हते, कुणाला कधी वाकडं बोलले नाय. माणूस गेलं की सगळंच हसतमुख होतं. ताई ते ऐकून घ्यायची आणि मग तिचा ठरलेला प्रश्न टाकायची, "रागावले की कसे दिसायचे?" सगळे एकमेकांकडे बघायचे. मग कुणीतरी सून नाहीतर धाकटा मुलगा तोंड उघडायचा, रागावले की उजवी भुवई वर जायची, किंवा ओठ आत ओढून घ्यायचे. आणि मग एकदम सगळे बोलायला लागायचे. ताई सांगायची, गोड आठवण सगळ्यांचीच सारखी असते, त्यातून तोंड मिळत नाही.

दुसरी सवय मागे सरण्याची. चित्र झालंसं वाटलं की ती ब्रश दातात धरून उलट्या पावलांनी मागे जायची. गाळ्यातून बाहेर, पायरी उतरून, रस्ता ओलांडून पार समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. डोळे अर्धे मिटून बघायची. सायकलवाले, मोटारसायकलवाले तिला वळसा घालून जायचे, त्यांनाही सवय झाली होती. लांबून ते माणूस ओळखू आलं की ती परत यायची आणि सही करायची. कधीकधी परत येऊन सही न करताच पुन्हा कामाला बसायची. एका म्हाताऱ्याच्या चित्रासाठी ती गिरणीपर्यंत इतक्या वेळा गेली की गिरणीवाला म्हणाला, आता हिथंच पथारी टाका.

मग फ्लेक्स आले. पाट्या गेल्या, टेम्पो गेले, निवडणुकीच्या भिंती गेल्या. त्याबद्दल तिने कधी रडगाणं लावलं नाही. तसबिरी होत्या, त्या कुणी फ्लेक्सवर करत नव्हतं. तिला खरा दणका बसला तो छातीचा. आधी नुसती ढास लागायची, मग शिट्टी वाजायला लागली, मग एकदा गाळ्यातच ती गुडघ्यावर बसली आणि तिला श्वास घेता येईना. मी आणि गिरणीवाल्याने तिला रिक्षात घालून नेलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, थिनर, टर्पेंटाइन, ऑइल रंग, सगळं बंद. ताईने विचारलं, तोंडाला फडकं बांधलं तर? डॉक्टर म्हणाले, बाई, रंग किंवा श्वास, एक काय ते ठरवा. ती पुष्कळ वेळ ठरवत बसली. डॉक्टर बिचारे थांबून राहिले.

घरी आल्यावर तिने सगळे ब्रश धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्याकडे आणून दिले. म्हणाली, "दत्ता, हे तुज्याकडं ठेव. माज्याकडं ऱ्हायले तर त्यांच्याकडं माजा हात जाईल." महिनाभर गाळ्याचं शटर खाली होतं. मला शेजारी नुसतं बसवत नसे. इतकी वर्षं टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं दुखायचं म्हणून मी कुरकुर करत होतो, आणि आता तो वास नाही म्हणून करमेना.

तिची मुलगी सुजाता चाकणला कंपनीत आहे. ती एका रविवारी टॅबलेट घेऊन आली, काचेवर चित्र काढायचा, सोबत त्याचं पेन. ताईने तो उलटा-सुलटा करून पाहिला, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाली, "ह्याला वासच नाय." सुजाता म्हणाली, "म्हणूनच आणलाय, आई." दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं. ताई बापूंचा शर्ट घालून बसली होती, बाह्या दुमडून, मांडीवर टॅबलेट आणि शेजारी पाण्याचा मग. पाणी कशाला, असं माझ्या मनात आलं. रंग बदलायची वेळ आली आणि तिने सवयीने ते पेन मगात बुडवलं, चांगलं खळखळून धुतलं आणि शर्टाला पुसलं. पेन गेलं. सुजाताला फोन करायची तिला लाज वाटली, म्हणून मी केला. ती पोर हसत हसत दुसरं घेऊन आली. त्यानंतर मात्र ताईने पाण्याचा मग शेजारी ठेवायचं बंद केलं, तरी हात कितीतरी दिवस हवेत मग शोधत राहायचा.

ती शिकली. कशी शिकली ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो. साठी जवळ आलेली बाई सकाळी शटर उघडायची आणि एका कांद्याचं चित्र काढत बसायची. रोज तोच कांदा. काचेवर पेन घसरतं, कॅनव्हासचा खरखरीतपणा हाताला लागत नाही, म्हणून तिचा जीव मेटाकुटीला यायचा. चित्रातल्या थरांना इंग्रजी नाव आहे, ती त्यांना पदर म्हणायची, घडीच्या पोळीला असतात तसे. एका पदरावर कातडी, एकावर सावली, एकावर केस. हवा तो झाकायचा, हवा तो उघडायचा. ते तिला आवडलं. आवडलं नाही ते एकच बटण, चुकलेली रेघ नाहीशी करून आधीचं परत आणणारं. "चुकलं तर चुकलेलं दिसाया पायजे," ती म्हणायची, "नायतर हाताला कळायचं कसं?" आणि त्या बटणाला तिने कधी बोट लावलं नाही. सुजाताने कपाळावर हात मारून घेतला.

तसबिरी पुन्हा सुरू झाल्या. ताई काचेवर काढायची, चांगल्या जाड कागदावर छापून घ्यायची, मी फ्रेम करायचो. पहिला कागद माझ्या हातात आला तेव्हा मी सवयीने उजव्या कोपऱ्याला जागा सोडून माउंट कापलं. कोपरा मोकळा होता. मला वाटलं विसरली. विचारलं, तर म्हणाली, "अजून नाय." दुसऱ्यावरही नाही, तिसऱ्यावरही नाही. मी म्हणालो, "ताई, काम तुझंच आहे ना?" ती म्हणाली, "माजंच हाय का त्येच बगतीय. ह्याच्यापासून मागं सरता येत नाय रे. मांडीवर घेऊन बसलेलं पोर लांबून कसं बगायचं?" वर्ष उलटून गेलं तरी तिचं एकही काम सहीचं झालं नाही, आणि मी प्रत्येक वेळी कोपरा मोकळा सोडत राहिलो.

लोकांना तर आयतंच निमित्त मिळालं. पिंपरी पेंढारचा एक बागायतदार वडिलांची तसबीर परत घेऊन आला. चित्रात काही खोट नव्हती. तो म्हणाला, "मशीननी काढलेलं बाप म्हणून कसं पुजायचं? ह्ये तर माजा पोरगाबी मोबाइलवर करतो." मी फ्रेम लावलेली होती, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलणार, तेवढ्यात ताईने ती फ्रेम त्याच्या हातातून घेतली, आत नेऊन भिंतीला लावली आणि परत येऊन म्हणाली, "तुमचं मन लागंल तवा घेऊन जावा. तवर ते हितं बसतील." बागायतदार चार पावलं गेला आणि वळून बघू लागला. बाप दुसऱ्याच्या भिंतीवर बसलाय हे त्याला पटेना, पण मागणार कुठल्या तोंडाने. पुढच्या दिवाळीत त्याची बायको येऊन घेऊन गेली.

बागायतदार तसबीर टाकून गेला, त्यानंतरच्या पहिल्याच आठवडी बाजाराला ताईने आपलं स्टूल उचललं आणि गाळ्यातून बाहेर, समोरच्या लिंबाखाली नेऊन ठेवलं. तिकडे जनावरांची ने-आण, इकडे चहाची गाडी, आणि मधे ही, शर्टाच्या बाह्या दुमडून, मांडीवर काच घेऊन. ज्याला बघायचंय त्याने हात बघावा. लोक भोवती उभे राहायचे. कोरी काच, मग एक रेघ, मग कपाळ. कुणीतरी म्हणायचं, आता बटण दाबंल बघ. ती बटण दाबायची नाही. तासाभराने बटणाची गोष्ट निघेनाशी व्हायची आणि लोक नाकाबद्दल बोलायला लागायचे.

तिथंच भिवाबाबा आले. मेंढरं राखणारं घर, आता शेतीही करतात, पण बाबांनी कळप सोडलेला नाही. डोईला लाल मुंडासं, पांढऱ्या मिशा, सत्तरी कधीच ओलांडलेली. बरोबर त्यांची थोरली बहीण ठकूबाई आणि नात रेश्मा. रेश्मा नर्सिंगचं शिकते. बाबांना आईची तसबीर हवी होती. फोटो नव्हता. कधी काढलेलाच नव्हता. आई कोकणात मेंढरं घेऊन उतरताना वाटेतच तापाने गेली, तिथंच कुठंतरी माती दिली आणि कळप पुढे गेला. बाबा तेव्हा तिच्या पाठुंगळीला असायचे, ठकूबाई घोड्याचा कासरा धरून चालायच्या.

रेश्माने आधी स्वतःच प्रयत्न केला होता. मोबाइलला सगळं सांगून तिने एक चित्र करून घेतलं होतं. तिने ते ताईला दाखवलं. गोरीपान, डोळे टपोरे, नाकात नथ, मालिकेतली सून. बाबा म्हणाले, "म्या इचारलं ही कोण बाई? तर म्हणती तुमची आई." ठकूबाई म्हणाल्या, "चांगली हाय बया. पण ही मेंढरामागं गेलेली दिसत नाय." रेश्मा लाजली. ताई म्हणाली, "लाजू नको. मोबाइलनं तुला इचारलंच नसंल, रागावली की कशी दिसायची म्हणून. बसा."

लेक आईवर जाते, म्हणून ताईने ठकूबाईंना समोर बसवलं आणि त्यांच्या हाडांवर चेहरा बांधायला घेतला. ठकूबाई सांगत होत्या, हनवटी निमुळती, भुवया जवळ, हनवटीवर गोंदणाचे ठिपके. त्या बाजारी अर्धं झालं, पुढच्या बाजारी पूर्ण. पांढरे केस, गालांवर जाळं, डोळ्यांखाली पिशव्या, डोईवर पदर. बघणारे म्हणू लागले, हुबेहूब. त्या बाईला यांच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण हुबेहूब. मीही म्हणालो. मी तर मनात फ्रेमेला सागवानी पट्टी पक्की करून टाकली होती. ठकूबाईही मान हलवत होत्या, बाबा काचेकडे एकटक बघत होते.

मग ताईने विचारलं, "रागावली की कशी दिसायची?"

ठकूबाई हसल्या. "एकडाव घाटात माज्या हातनं घोडा सुटला. समदा संसार त्याच्यावर. तर ही भिवाला पाठीवर घेऊन जी पळाली, जी पळाली, घोड्याला पार गाठून धरला. आन मग मला एक ठेवून दिली कानाखाली. लई लाल झाली व्हती. आन मग मीच रडाया लागली तर बसली हसत."

ताईचं पेन थांबलं. "पळाली?"

"वाऱ्यावानी."

"ह्या वयात?"

ठकूबाईंनी काचेकडे बघितलं, रेश्माकडे बघितलं, परत काचेकडे. "वय कुठं व्हतं तिचं," त्या हळूच म्हणाल्या. "ती गेली तवा मी परकरात, ह्यो पाठीवर. आन मी तिचं पयलंच लेकरू."

"म्हंजी केवढी?"

ठकूबाईंनी रेश्माच्या खांद्याला हात लावला. "हिच्यापरीस जराशीच मोठी."

लिंबाखाली उभ्या असलेल्या एवढ्या माणसांत कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. ताईच्याही नाही, आणि हे तिने कधी लपवलं नाही. आई म्हटल्यावर आई आपल्यापेक्षा म्हातारीच, असं सगळे धरून चाललो होतो. दोन म्हातारी लेकरं समोर बसलेली, त्यांची आई त्यांच्याहून थोर काढायची, याच्यात कुणाला काही खटकलं नाही. मला अजूनही त्या दिवसाचं आठवलं की आमच्या सगळ्यांच्या शहाणपणाचं हसू येतं.

ताईने पुसलं काहीच नाही. तिने पांढऱ्या केसांचा पदर झाकला. मग डोळ्यांखालच्या पिशव्यांचा. मग गालांवरच्या जाळ्याचा. एकेक वर्ष उतरत गेलं आणि आमच्या देखत ती बाई कोवळी होत गेली. नव्या पदरांवर काळे केस, भरलेले गाल, हनवटीवर हिरवे ठिपके ताजे. ऑइलमध्ये हे झालं नसतं, मी सांगतो. ऑइलमध्ये कॅनव्हास उलटा करून ठेवला असता आणि नवीन आणला असता, आणि या दोघांना हे बघायला मिळालं नसतं.

बाबा वाकले. "ही तर पोर हाय," ते म्हणाले. "माज्या नातीएवढी पोर." त्यांनी गालाला लावावं तसं बोट काचेला लावलं, तसा चेहरा एकदम मोठा झाला. त्यांनी दचकून हात मागे घेतला. ताई म्हणाली, "लावा, लावा. मोडत नाय."

ठकूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि विचारलं, "ती म्हातारी पुसली का तुमी?"

"नाय. आत हाय. झाकलीय."

"ऱ्हाऊ द्या मग," ठकूबाई म्हणाल्या. "झाली असती तर बरी दिसली असती."

त्यानंतर ताईने बाबांना विचारलं, तुम्हाला काय आठवतं. बाबा ओशाळले. म्हणाले, "मला तोंड नाय आठवत. मी कायम मागं. कान आठवतोय डावा. वर बुगडी व्हती, चालली की हालायची." एवढंच. ताईने टॅबलेट बंद केला आणि म्हणाली, पुढच्या बाजारी या.

त्या आठवड्यात तिने चेहरा वळवला. पूजेची तसबीर समोरून असते, दोन्ही कान दिसणारी, नजर बघणाऱ्यावर. हा आमच्याकडचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. तिने आईची मान उजवीकडे फिरवली, डावा कान पुढे आणला, वरच्या पाळीत बुगडी. मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, हे देव्हाऱ्याशेजारी लागणार, कपाळ तिरकं, टिळा कुठं लावतील? आणि ही बघतेय तरी कुणाकडे? ती म्हणाली, "त्याच्या वाट्याचं जेवढं व्हतं तेवढं तरी दिसू दे त्याला." बाजारी ठकूबाईंनी खूप वेळ चित्र पाहिलं आणि फक्त म्हणाल्या, "कुंकू जरा मोठं लावायची." कुंकू मोठं झालं. बाबा मुंडासं सारखं करत राहिले. छापून आलं, मी सागवानी पट्टी घातली, कोपरा मोकळा सोडला. तो मोकळाच राहिला. तेव्हा मात्र मी चिडलो. म्हटलं, आता आणखी काय व्हायचं राहिलंय? ताई म्हणाली, "ती वळलीय, पण का वळलीय ते मलाच कळंना."

दोन-तीन बाजार गेले. मग भिवाबाबा परत आले, ठकूबाईंना घेऊन. तसबीर पिशवीत गुंडाळून आणलेली. मला धडकी भरली, हेही परत करतायत की काय. बाबा लिंबाखाली ताईच्या समोर बसले आणि तसबीर पिशवीतून काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "ताई, आजून एक मानूस बसंल का ह्याच्यात?"

"कोण?"

"मी. तिच्या पाठीवं." आणि भराभर बोलून टाकलं, "येकलीच दिसती ती. ती येकली कुटं गेलीच नाय कदी. मी व्हतोच की."

ताईने शर्टाची बाही वर सारली आणि पेन घेतलं. सत्तरीपलीकडचा माणूस समोर बसलेला, मिशा, मुंडासं, उन्हाने रापलेला, आणि ती त्यांच्याकडे निरखून बघत काचेवर एक लहान पोर काढत होती. तेच कपाळ, तेच जरा पुढे आलेले कान. बाबा फोटोला बसावं तसे ताठ बसले होते, श्वास रोखून. बाजार चालू होता, कुणी म्हैस हाकत होतं, पण लिंबाखाली जमलेलं माणूस हललं नाही.

"गुमान बसायचा का पाठीवर?" ताईने ठकूबाईंना विचारलं.

"कशाचा गुमान. बडबड, बडबड. तिच्या कानाला तोंड लावून बडबडायचा. काय सांगायचा कुणाला ठावं. ती आपली चालता चालता मान वळवून ऐकायची."

ताईने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग पोराचं तोंड आईच्या कानापाशी नेलं, त्या बुगडीखाली, आणि ते थोडं उघडलं. आईच्या चेहऱ्यावरची एक रेघही तिने बदलली नाही. पण ती बाई आता ऐकत होती.

ताई उठली. टॅबलेट बाबांच्या हातात दिला, म्हणाली, "छातीशी धरा. माज्याकडं करून." आणि उलट्या पावलांनी मागे निघाली. चहाच्या गाडीला वळसा, मोटारसायकलींच्या मधून, एका खोंडाला तिने न बघताच बाजूला ढकललं. त्याचा मालक काही बोलणार होता, पण त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खोंडाला आवरून धरलं. पार गिरणीच्या पायरीपर्यंत गेली. पेन दातात, डोळे अर्धे मिटलेले, बापूंचा शर्ट वाऱ्याने फुगलेला. इकडे भिवाबाबा आपल्या आईला आणि स्वतःला छातीशी धरून न हलता बसलेले.

ती परत आली. टॅबलेट घेतला, मांडीवर टेकवला, पिवळा रंग निवडला आणि उजव्या कोपऱ्यात नाव लिहिलं. शेवटचा दांडा खाली ओढला आणि डावीकडे झटकला. मग न बघता मला म्हणाली, "दत्ता, माउंट नीट काप."